दोन मंडळे, एक पडदा

दोन नाटक मंडळे एक झाली असे कानावर आले की लोकांना आनंद होतो. भांडण मिटले, खर्च वाचला, ताकद वाढली, असे म्हणतात. मलाही आनंद होतो. पण तो मी थोडा लांबणीवर टाकतो. आधी विचारतो, पाटीवर नाव कुणाचे राहिले? पैशाच्या पेटीची किल्ली कुणाकडे गेली? नाटक कोणते करायचे हे कोण ठरवणार? आणि रंगपटातल्या माठाचे पाणी कोण कुणाच्या हातचे पिणार? हे प्रश्न मी पुस्तकातून शिकलो नाही. वैनगंगेच्या पूर्वेला, झाडीपट्टीतल्या आमच्या गावात दोन मंडळे एक झाली तेव्हा मी त्या बैठकीत बसलो होतो. करारनामा माझ्याच हाताने लिहिलेला आहे. त्या कराराची ही हकीकत. ती एका गावापुरती नाही असे मला वाटते, म्हणून येथे मांडतो आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा जो सलग पट्टा आहे त्याला झाडीपट्टी म्हणतात. पुण्यामुंबईकडे लिहिल्या गेलेल्या नाट्येतिहासात या पट्ट्याला फार उशिरा जागा मिळाली. येथे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो, पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात. दिवसा बाजार आणि रात्री खेळ. पूर्वी हा खेळ म्हणजे दंडार. मोकळ्या जागेत, मशालीच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात, ढोलकी-टाळांच्या साथीवर ती उभी राही. बायकांची कामे पुरुषच करीत. हातात लिहिलेले पुस्तक नसे. बाप म्हणे, पोरगा ऐके, आणि पुढच्या मंडईला पोरगा म्हणे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास हाती घेतला, म्हणून निदान आज तिच्याविषयी बोलता येते.

या दंडारीच्या पट्ट्यात पडद्याचे, अंकांचे, पेटी-तबल्याचे नाटक आले आणि रुजले. संगीत नाटकांची पदे येथे अशी मुरली की शहरांतून ती ओसरल्यावरही आमच्याकडे रात्रभर गायली जात होती. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपे. आजही झाडीपट्टीचे नाटक रात्र जागवते. बांधीत खोलगट जागा खणायची, निघालेल्या मातीचा रंगमंच करायचा आणि हजारो माणसांनी त्या उतारावर जमिनीवर बसायचे, असे हे नाट्यगृह आहे. मराठीत एवढा लोकाश्रय दुसऱ्या कोणत्या रंगभूमीला सलग मिळाला, हा अभ्यासकांनी विचारण्याचा प्रश्न आहे.

मी मात्र या घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहतो. दंडार आणि नाटक यांचे एकत्र येणे हे झाडीपट्टीतले पहिले विलीनीकरण. त्याची बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. रात्रभराचा पल्ला, गाण्यांची रेलचेल, मध्येच प्रेक्षकांशी बोलणारा सोंगाड्या, उघडे आभाळ, हे सारे दंडारीने दिले. पडदा, तिकीट, लेखी संहिता आणि 'नाटक' हे प्रतिष्ठेचे नाव समोरच्या बाजूने आले. मिश्रण दोघांचे, नाव एकाचे. लेखी संहिता आली आणि ज्याला अक्षर येत नव्हते तो नट मागे सरला. कालपर्यंत तो दंडारीचा धनी होता; आता तो पडदा ओढणारा, बत्तीला हवा भरणारा, फार तर पहारेकरी झाला. हा नट कोणत्या वस्तीत राहत होता हे सांगण्याची गरज नाही.

आमच्या घरी हेच झाले. आजोबा माग चालवीत आणि मंडईत दंडारीत उभे राहत. बाबांनी ढोलकी उचलली. गावाचे नाटक मंडळ झाले तेव्हा त्यांना ढोलकी घेऊन बोलावले. पण बसायला जागा दिली ती रंगमंचाच्या बाजूला, खाली. आवाज वर पाहिजे होता, माणूस वर नको होता.

१९५६ साली हा हिशेब बदलू लागला. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चंद्रपूरला आले. आमच्या वस्तीतली माणसे चंद्रपूरला गेली, त्यांत बाबा होते. परत आल्यावर दंडारीचे काय करायचे हा प्रश्न वस्तीपुढे उभा राहिला. दंडार नमनाने सुरू होते, आणि ज्या देवांना नमन करायचे ते देव तर आता सोडले होते. काहींचे म्हणणे, ढोलकी ठेवून द्या. बाबांचे म्हणणे, ढोलकीने काय गुन्हा केला? नाशिककडे भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकातच हा प्रश्न सोडवून दाखवला होता. तमाशाचा साचा घेतला, आशय आपला भरला, आणि आंबेडकरी जलसा उभा केला. आमच्या वस्तीतल्या माणसांना कर्डकांचे नाव ठाऊक नव्हते. पण वाट तीच सापडली. नमनाच्या जागी बुद्ध-भीमाचे वंदन आले, पुढे वग-नाटुकले आले आणि वस्तीचे वेगळे मंडळ झाले. गावात आता दोन मंडळे झाली. दोन्ही बिनफायद्याची. गावाच्या मंडळाची शिल्लक देवळाला आणि शाळेच्या कौलांना जाई. वस्तीच्या मंडळाची शिल्लक विहाराच्या विटांना आणि पोरांच्या वह्यापुस्तकांना.

माझा नाटकाशी संबंध मात्र गावाच्या मंडळामुळे आला, आणि तो कसा आला हे सांगितले पाहिजे. १९६४ साली मी आठवीत होतो. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर हा फार महत्त्वाचा माणूस. तालमी कमी, नाटक लांब. पडद्याआडून एकेक वाक्य पुरवणारा नसेल तर नाटक बसते. गावाच्या मंडळाचा प्रॉम्प्टर आजारी पडला आणि स्पष्ट वाचणारा दुसरा कोणी मिळेना, म्हणून मला बोलावले. त्या रात्री राजाची, राणीची, ऋषीची, सगळ्यांची वाक्ये माझ्या तोंडून निघाली. दुसऱ्या अंकानंतर घसा कोरडा पडला. रंगपटात माठ होता. मी उठलो तसा एक गृहस्थ म्हणाला, "बस गा तू, मी आनून देतो." त्याने ओंजळीत वरून पाणी ओतले. तो माणूस वाईट नव्हता. उलट मी तहानलेला आहे हे त्याच्या एकट्याच्याच लक्षात आले होते. पण ज्या पोराच्या तोंडचे शब्द राजा आपल्या तोंडात घेत होता त्या पोराच्या हातचा गडवा माठाला चालत नव्हता. पुढे १९७७ साली प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली. गज्वी मूळचे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातले. ती एकांकिका पाहिली तेव्हा मला तो माठ दिसला.

आता विलीनीकरणाकडे येतो. एका गावात दोन मंडळे, एकच मंडई, तोच प्रेक्षक. दोघांचे खेळ एकाच रात्री पडू लागले. शेजारच्या गावचा माणूस एकच तिकीट काढणार. १९८१ च्या मंडईत दोन्ही मंडळांना खोट आली. पडदे भाड्याचे, बत्त्या भाड्याच्या, बायकांची कामे करायला आता बाहेरून नटी आणाव्या लागत, त्यांचे मानधन द्यावे लागे. दोन्ही मंडळे उधारीत. तेव्हा, १९८२ च्या पावसाळ्यानंतर, शाळेच्या पडवीत बैठक बसली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला होता. जिल्हा दोन झाला, आपण एक होऊ या, असा विनोद कोणीतरी केला आणि सगळे हसले. तेवढा एकच क्षण त्या बैठकीत सोपा होता.

गावाच्या मंडळाचे जुने चिटणीस शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी संयुक्त मानापमानाचा दाखला दिला. म्हणाले, "मास्तर, एवढे मोठे बालगंधर्व अन् केशवराव एक झाले. आपन कोन?" मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला त्या घटनेची नीट माहिती नव्हती. पुढे वाचून काढली. दाखला त्यांनी दिला तो आमच्याच बाजूचा होता असे आज वाटते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला द्यायचे होते. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. ललितकलादर्श केशवरावांनी १९०८ साली हुबळीला काढलेली. गंधर्व मंडळी १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून झालेली. दोघींची आपापली कीर्ती, आपापला पडदा, आपापली तिजोरी, आपापला प्रेक्षक. कोणी कुणाला गिळू शकत नव्हते. बरोबरी होती म्हणून त्या एका पडद्यामागे उभ्या राहू शकल्या, आणि काम झाल्यावर आपापल्या बिऱ्हाडी परतल्या. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले. तरी ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी चालवली, ती गंधर्व मंडळीत विरली नाही. ते विलीनीकरण नव्हतेच. दोन बरोबरीच्या पक्षांचा तो संयुक्त खेळ होता.

आणखी एक गोष्ट. त्याच्या वर्षभर आधी, ३० मे १९२० पासून नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. हेच शाहू महाराज केशवरावांचे आश्रयदाते. एकाच राजाच्या एका हाताला रंगभूमी होती आणि दुसऱ्या हाताला बहिष्कृतांची परिषद. पण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळायला अजून अवकाश होता. संयुक्त मानापमानाच्या बोलणीत पाण्याच्या माठाचे कलम घालण्याचे कारण नव्हते. आमच्या बैठकीत ते होते. हाच दोन विलीनीकरणांतला फरक.

गावाच्या मंडळाचा प्रस्ताव साधा होता. त्यांचे नाव जुने, पंचक्रोशीत माहीत असलेले, तेच ठेवावे. वस्तीच्या मंडळाचे सभासद त्यांत सामील व्हावेत. सगळ्यांना काम मिळेल. ऐकायला गोड होते. आमच्यातले काही तरुण तयारही झाले. तेव्हा बाबा बोलले. सत्तरीला टेकलेले, बैठकीत सहसा न बोलणारे. म्हणाले, "येक झालो तं नाव कोनाचं राहीन? तुमचं राहीन तं येक कोठी झालो? आमी तुमच्यात आलो, येवढंच झालं."

पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर जे झाले ते मात्र भांडण नव्हते. एकेक मुद्दा घेऊन बोलणे झाले, आणि मी शाळेच्या वहीत लिहीत गेलो. नाव दोघांचेही नको, नवे घ्यावे. पेटीला दोन कुलपे, एक किल्ली इकडे, एक तिकडे. नाटकाची निवड एक वर्ष गावाने, एक वर्ष वस्तीने करावी. सुरुवातीला नमन कुणाचेच नको, घंटा झाली की सरळ नाटक उघडावे. शिल्लक राहिली तर आधी शाळेला, मग उरलेल्याचे दोन भाग. साथीदार रंगमंचाच्या पातळीवर बसतील. आणि रंगपटात एकच माठ, एकच गडवा. हे शेवटचे कलम लिहू नये, ते समजून घेण्याचे आहे, लिहिले तर गावाची नाचक्की होते, असे एका जाणत्या माणसाचे म्हणणे पडले. मी लिहिले. त्यांनीही शेवटी सही केली.

चार वर्षे मंडळ चालले आणि बरे चालले. बाबा दोन मंडयांना रंगमंचावर, पेटीवाल्याच्या शेजारी बसले. तिसऱ्या मंडईपूर्वी ते गेले. चौथ्या वर्षी निवड वस्तीची होती. आम्ही विहिरीच्या प्रश्नावरचे नाटक निवडले. मंडईत लोक हसायला-रडायला येतात, हे चालणार नाही, असा सूर निघाला. पण वहीत लिहिलेले होते. नाटक झाले. लोक पहाटेपर्यंत बसले. उधारी फिटून शिल्लक राहिली.

पुढच्या वर्षी निवड गावाची होती. त्यांनी नाटक निवडले नाही. वडशाची कंपनी निवडली. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे रेल्वेचे आणि बाजाराचे ठिकाण. झाडीपट्टीच्या व्यावसायिक नाट्यकंपन्यांचा तळ तेथेच पडला. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे तेथे जातात, कंपनीशी तारीख आणि रक्कम ठरवतात. नट, नटी, लेखक, पडदे, वाद्ये, सगळे कंपनीचे. गावाच्या मंडळाने जागा द्यायची, पेंडॉल उभारायचा आणि तिकिटे विकायची. पैसा जास्त मिळतो, डोकेदुखी कमी होते. त्यात बेकायदा काही नव्हते. आमचा करारही कोणी मोडला नाही. नाव तेच, किल्ल्या दोन्हीकडे, माठ एकच. फक्त आता निवडायला नाटकच उरले नाही. गावातला नट आणि वस्तीतला नट दोघेही एका रात्रीत तिकीटविक्रे झाले. हे तिसरे विलीनीकरण. गावोगावच्या हौशी मंडळांचे बाजारात झालेले. त्याचे कलम आम्हा कुणालाच सुचले नव्हते.

वडशाच्या कंपन्यांना मी शिव्या देणार नाही. त्यांच्यामुळे शेकडो कलावंतांच्या घरी हंगामात चूल पेटते. हीच रंगभूमी गाजवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळी झाडीपट्टी आनंदली. २०२० साली महामारीने मंडया बंद पडल्या तेव्हा कळले की या रात्रींवर किती पोटे उभी आहेत. प्रेमानंद गज्वी २०१९ साली नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, त्याचाही अभिमान आहे. पण सन्मान व्यक्तींचे झाले. दोन वस्त्यांनी मिळून एक नाटक निवडायचे, त्यावर भांडायचे, आणि तरी पडदा वर न्यायचा, ही जी शाळा आमच्या मंडळात चार वर्षे भरली, ती बंद पडली ती पडलीच.

कार्यकर्ता वाचक म्हणेल, नाटक मंडळाची एवढी चर्चा कशाला? मी म्हणतो, मोठ्या ऐक्यांचीही गोष्ट हीच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला, थोड्याच वर्षांत फुटला. पुढे गट एक झाले आणि १९९८ साली चार खासदार लोकसभेत गेले. त्यांपैकी जोगेंद्र कवाडे आमच्या शेजारच्या चिमूर मतदारसंघातून निवडून आले. त्या रात्री आमच्या वस्तीत जुनी ढोलकी निघाली. वर्षभरात पुन्हा गट वेगळे झाले. व्यासपीठावरचे हात एकमेकांत गुंफलेले आम्ही पाहिले होते. पण निवड कोण करणार आणि किल्ली कुणाकडे, हे आमच्या गावच्या शाखेला कोणी विचारले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. माठाचे कलम लिहून घेणारी माणसे आम्ही. आपल्याच घरातल्या ऐक्याच्या वेळी वही काढायला विसरलो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. एक व्हायला विरोध नाही. बहिष्कृतांना एकटे राहण्याची हौस कधीच नव्हती. ते त्यांच्यावर लादले गेले. पण दुबळ्याने बलवानाशी एक होताना विश्वासावर राहू नये. विश्वास ज्याच्या हाती किल्ली असते त्याला परवडतो. आमच्या गावात जे लिहिले ते टिकले. दंडारीचे काहीच लिहिले नव्हते, तिचे नावही गेले. आम्ही नाव, किल्ली आणि माठ लिहिला. ते आजही आहेत. गावातच नाटक बसवायचे, हे लिहायचे राहिले, तेवढेच गेले.

ती वही माझ्याकडे आहे. मागच्या मंडईत वस्तीतली आणि गावातली काही कॉलेजातली पोरे एकत्र आली होती. कंपनीचे नाटक एक रात्र होऊ द्या, दुसऱ्या रात्री आम्ही आमचे बसवतो, दंडार बसवतो, म्हणत होती. त्यांना वही पाहायची होती. मी दिली. शेवटच्या पानावर जागा शिल्लक आहे. राहिलेले कलम तेथे लिहा, असे सांगितले. त्यांतल्या एका मुलीने पेन मागितला.